फॉइलमधला बटाटा भाजलेला नसतो

उकडलेल्या बटाट्याबद्दल तुम्हाला काही सांगायला नको. उपासाच्या भाजीपासून वड्याच्या सारणापर्यंत त्याच्याशिवाय आपलं पान हलत नाही. गोंधळ सुरू होतो तो बेक्ड पोटॅटो करायला घेतल्यावर. सवयीने हात कुकरकडे जातो. तीन शिट्ट्या, मधोमध चीर, वर किसलेलं चीज, ओव्हनमध्ये दहा मिनिटं, की झाला म्हणे बेक्ड! तो उकडलेलाच बटाटा, वर वितळलेलं चीज. चवीला वाईट नाही, पण तेवढं काम झाकण ठेवून तव्यावरही झालं असतं.

ही चूक निदान उघड दिसते. खरी फसगत होते ती कच्चा बटाटा फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून ओव्हनमध्ये ठेवणाऱ्यांची. तासभर वीज जाळून शेवटी हाती येतो उकडलेल्याचाच भाऊ.

कच्च्या बटाट्यात साधारण ८० टक्के पाणी असतं. तापमान ६०-७० अंशांपर्यंत गेलं की स्टार्चचे कण त्यातलंच पाणी पिऊन फुगतात. पुढे पेशी एकमेकींपासून सुटू लागतात आणि उरलेल्या पाण्यातलं बरंचसं वाफ होऊन सालीवाटे निघून जातं. म्हणून गर कोरडा, पिठूळ होतो, साल वाळून कुरकुरीत होते. फॉइलमध्ये ही वाफ जाणार कुठे? ती सालीलाच भिजवत बसते. साल चिवट, गर दमट आणि जड. ओव्हन २०० अंशांवर असला तरी फॉइलच्या आत बटाटा स्वतःच्या वाफेत उकडतच असतो. भरताचं वांगं कोणी गुंडाळून वाफवत नाही, मग बटाट्यावरच ही वेळ का?

गरम राहावा म्हणून फॉइल लावायचीच, तर भाजून झाल्यावर लावा आणि खाताना काढा. तसाच गुंडाळलेला बटाटा रात्रभर ओट्यावर ठेवू नका. बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंचे बीजाणू भाजण्यातूनही वाचतात आणि फॉइलच्या आत, हवा नसलेल्या कोमट ओलाव्यात वाढतात. १९९४ साली टेक्सासमधल्या एल पासो इथे फॉइलमध्येच बाहेर ठेवलेल्या भाजक्या बटाट्यांचं डिप खाऊन ३० जणांना बोट्युलिझम झाला होता. उरलेला बटाटा फॉइल काढून फ्रीजमध्ये ठेवावा.

बटाटा पिठूळ जातीचा हवा. अमेरिकेत रसेट, इंग्लंडमध्ये मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड. आपल्याकडे चिप्ससाठी काढलेला कुफरी चिप्सोना मिळाला तर सोनं, नाहीतर जुना, जाड सालीचा, मोठा बटाटा निवडा. पातळ सालीचे नवे बटाटे रश्शाला ठेवा. आणि कच्चे बटाटे फ्रीजमध्ये नकोत, थंडीने त्यांतल्या स्टार्चची साखर होते.

कृती छोटी आहे. २००-२५० ग्रॅमचा बटाटा धुवा, काट्याने टोचा, मिठाच्या पाण्यात बुडवून थेट जाळीवर ठेवा. २०० अंशांवर साधारण तासभर. तेल शेवटच्या दहा मिनिटांत लावायचं. सुरी लोण्यात शिरावी तशी गेली की काढा आणि त्याच क्षणी वर फुली मारून चारी बाजूंनी दाबा. इथे आळस केला तर वाफ आतच जिरते आणि फॉइलशिवाय भाजूनही गर दमट होतो. घाईत पाच-सहा मिनिटं मायक्रोवेव्ह आणि मग वीसेक मिनिटं ओव्हन, इथवर मी तडजोड करते. नुसता मायक्रोवेव्ह मात्र पुन्हा वाफवणंच.

वर काय घालायचं यावर फार वाद नको. फक्त लोणी आणि मीठ आधी गरात काट्याने मिसळा, बाकी सगळं नंतर. इस्तंबूलच्या ओर्ताकोय भागात कुंपिर, म्हणजे तिथला भरलेला बेक्ड पोटॅटो, करताना लोणी आणि काशार चीज असंच गरात घोटून घेतात, मग वर मका, ऑलिव्ह वगैरे रचतात. इंग्रज मंडळी बेक्ड बीन्स आणि चेडर घालतात, तेही छान. आपल्या घरी सावर क्रीम शोधत फिरण्यापेक्षा चक्का घ्या, त्यात मीठ, मिरपूड आणि भरपूर कांद्याची पात. हिरव्या मिरचीचा ठेचा लोण्यात कालवून घातला तर आणखी उत्तम. घट्ट राजमाही चालेल. पातळ रस्सा ओतू नका, आणि मेयोनीजची बाटली तर टेबलावर आणूच नका.