अंबू बॅग

श्वास थांबलेल्या किंवा अपुरा पडणाऱ्या रुग्णाच्या फुप्फुसांत हाताने दाबून हवा भरण्याची, दाब सोडताच आपोआप फुगणारी पिशवी. हस्तचालित श्वसन पिशवी असा शब्द ग्रंथांतून वापरतात; रुग्णालयात मात्र सर्रास ‘अंबू बॅग’ किंवा नुसते ‘अंबू’ म्हणतात आणि ती दाबण्याच्या क्रियेला ‘बॅगिंग’.

इतिहास : फुप्फुसांत यंत्राने हवा भरण्याची कल्पना जुनी आहे. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या स्विस वैद्याने चुलीचा भाता वापरला, असे अनेक ग्रंथांत आढळते. परंतु या कथेचा आधार कच्चा आहे. बुडालेल्यांना वाचविण्यासाठी भात्याचा वापर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात यूरोपात रूढ झाला, हे अधिक भरवशाचे. १८२०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये लरॉय यांनी प्राण्यांवर प्रयोग करून, जोराने हवा भरल्यास फुप्फुस फाटते हे दाखविले आणि भाता मागे पडला.

१९५२ मध्ये कोपनहेगन येथे पोलिओची मोठी साथ आली. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांच्या सल्ल्यावरून रुग्णांच्या श्वासनलिकेला छिद्र पाडून नळी घालण्यात आली आणि सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, दिवसरात्र रबरी पिशव्या दाबून त्यांना श्वास दिला. या पिशव्या बाहेरून येणाऱ्या वायूच्या प्रवाहावर फुगत. सिलिंडर संपला की पिशवी निकामी. स्वतः फुगणारी पिशवी डेन्मार्कमध्येच अभियंते होल्गर हेसे आणि भूलतज्ज्ञ हेनिंग रुबेन यांनी तयार केली व ती १९५६ च्या सुमारास बाजारात आली. तिचे मूळ कोणी साथीत शोधतात, तर कोणी मालमोटारचालकांच्या संपामुळे ऑक्सिजनचा पुरवठा अडल्याच्या घटनेत. पहिल्या नमुन्यात सायकलच्या तारा वापरल्याचेही सांगितले जाते. साथीने गरज दाखविली आणि रुबेन यांच्या एकमार्गी झडपेने ती भागविणे शक्य केले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘अंबू’ हे उत्पादक कंपनीचेही नाव आहे. ‘आर्टिफिशियल मॅन्युअल ब्रीदिंग युनिट’, ‘एअर मास्क बॅग युनिट’ अशी त्याची दीर्घ रूपे देतात; ती मागाहून जुळविलेली दिसतात. ‘ॲम्ब्युलन्स’ शब्दाशी नाते सांगणारी व्युत्पत्ती त्या मानाने सरळ आहे.

रचना : पिशवी सिलिकोन किंवा प्लॅस्टिकची असते. मागच्या टोकाला हवा आत घेणारी झडप, ऑक्सिजनच्या नळीची जोडणी आणि ऑक्सिजन साठवणारी साठा-पिशवी. पुढच्या टोकाला रुग्णाकडची झडप. ही झडप बहुधा बदकाच्या चोचीसारखी असते. पिशवी दाबली की चोच उघडते आणि तिच्याभोवतीचा पातळ पडदा उच्छ्वासाचे छिद्र झाकतो. पिशवी सोडली की चोच मिटते आणि रुग्णाची हवा पडदा उचलून बाहेर जाते. त्यामुळे उच्छ्वासाची हवा पिशवीत परतत नाही. रुग्णाकडची जोडणी आतून १५ मिमी. व बाहेरून २२ मिमी. व्यासाची, म्हणजे तीच पिशवी मास्कला आणि श्वासनलिकेतील नळीलाही बसते.

प्रौढांची पिशवी सुमारे १,५०० ते १,६०० मिलि., मुलांची ४५० ते ५००, नवजातांची सुमारे २५० मिलि. धारकतेची असते. ऑक्सिजन न जोडता केवळ हवेतील २१% मिळतो. साठा-पिशवीविना जोडल्यास साधारण ४० ते ६०%. साठा-पिशवी लावून मिनिटाला १० ते १५ लिटर सोडल्यास ९०% च्या वर. दाबताना साठा-पिशवी पूर्ण चिपकत असेल, तर प्रवाह कमी पडतो आहे असे समजावे. लहान पिशव्यांवर सुमारे ४० सेंमी. पाण्याच्या (म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढ्या) दाबाला उघडणारी सुरक्षा झडप असते. फुप्फुसे ताठर असतील, तर ती मुद्दाम बंद करावी लागते.

वापर : आधी तपासणी. रुग्णाकडचे तोंड तळहाताने बंद करून पिशवी दाबावी. ती सहज चपटी झाली, तर कुठेतरी गळती आहे किंवा मागची झडप नीट बसलेली नाही. मग रुग्णाच्या डोक्याशी उभे राहून मान योग्य स्थितीत आणावी : कानाचे छिद्र आणि उरोस्थीवरची (छातीच्या मधल्या हाडावरची) खाच एका रेषेत. तान्ह्या बाळाच्या खांद्यांखाली टॉवेलची घडी पुरते. तोंडात उलटी वा स्राव असल्यास आधी ओढून काढावे. घशातील प्रतिक्षेप (स्पर्श होताच उमासा येणे) नसेल, तर तोंडावाटे वायुमार्ग-नळी घालावी. तिची लांबी ओठाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत मोजतात.

मास्कचे निमुळते टोक नाकाच्या दांड्यावर, रुंद टोक हनुवटीच्या खाचेत. अंगठा व तर्जनी मास्कवर इंग्रजी ‘सी’सारखी, उरलेली तीन बोटे जबड्याच्या हाडावर ‘ई’सारखी, करंगळी जबड्याच्या कोनामागे. बोटे हनुवटीखालच्या मऊ भागात रुतली, तर जीभ मागे ढकलली जाते. जबडा उचलून चेहरा मास्कमध्ये आणावा. मास्क खाली रेटला, तर हनुवटी मागे जाऊन वाटच बंद होते. दुसरा माणूस उपलब्ध असेल, तर एकाने दोन्ही हातांनी मास्क धरावा व दुसऱ्याने पिशवी दाबावी. एकट्याने केलेले बॅगिंग क्वचितच तितके चांगले होते, मग हात कितीही सरावाचे असोत. दाढी असल्यास पाण्यात विरघळणारे जेल लावतात. घट्ट बसलेली कवळी काढू नये. ती काढली की गाल आत जातात आणि मास्क गळतो.

प्रौढात दर ६ सेकंदांनी एक श्वास, तो सुमारे १ सेकंदभर दाबून. प्रमाण ५०० ते ६०० मिलि., म्हणजे पिशवी एक तृतीयांश चेपली जाण्याइतके. छाती उचललेली दिसली की थांबावे. हृदय थांबल्यावर द्यायच्या छातीदाबासोबत, श्वासनलिकेत नळी नसताना, ३० दाबांमागे २ श्वास. मुलांत दर २ ते ३ सेकंदांनी एक, नवजातात मिनिटाला ४० ते ६०.

चुका : घाई ही सर्वांत मोठी. ताणाखाली माणूस नकळत भराभर पिशवी दाबतो. छातीतील दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि रक्तदाब कोसळतो. दम्याच्या रुग्णात उच्छ्वास पुरा होण्याआधी पुढचा श्वास आल्यास हवा साचत जाते. अशा वेळी नळीपासून पिशवी काही क्षण सोडवून छाती रिकामी होऊ द्यावी. दाब सुमारे २० सेंमी. पाण्याच्या वर गेला, की हवा अन्ननलिकेत शिरू लागते. पोट फुगते, उलटी होते, ती फुप्फुसात जाते. फुगलेले पोट श्वासपटल (छाती व पोट यांमधला स्नायूचा पडदा) वर ढकलते आणि पुढचा श्वास आणखी जोराने द्यावा लागतो.

छाती उचलत नसेल, तर क्रम असा : मास्क पुन्हा बसवणे, मान पुन्हा मांडणे, तोंड साफ करणे, जबडा उचलून तोंड उघडणे, मग थोडा दाब वाढवणे. तरीही नाही, तर श्वासनलिकेत नळी किंवा स्वरयंत्रावर बसणारा मास्क. नवजाताला श्वासपटलाचा हर्निया असल्याची शंका असेल, तर मास्कने बॅगिंग टाळून थेट नळी घालतात, कारण छातीत आलेली आतडी हवेने फुगतात.

स्वतः श्वास घेणाऱ्याच्या तोंडावर ही पिशवी न दाबता नुसती धरून ऑक्सिजन देऊ नये. काही नमुन्यांत चोच आपोआप उघडत नाही, काहींत बाहेरची हवा उच्छ्वास-छिद्रातून आत शिरते.

निगा : पुन्हा वापरता येणारी सिलिकोनची पिशवी सुटी करून, धुऊन, वाळवून वाफेने १३४° से. ला निर्जंतुक करतात. एकदाच वापरायची पिशवी धुऊन परत वापरू नये. जोडताना चोचीची झडप उलटी किंवा दुमडलेली बसणे, मागची झडप विसरणे हे दोष वारंवार आढळतात. झडपेत वाळलेली उलटी किंवा रक्त अडकले, तर चोच मिटत नाही. म्हणून जोडणीनंतर तळहाताची तपासणी पुन्हा करतात आणि मग चाचणी-फुप्फुस (फुप्फुसाच्या जागी लावायची लहान पिशवी) लावून दोनतीन वेळा दाबून पाहतात : ते फुगावे, सोडताच रिकामे व्हावे आणि त्याची हवा उच्छ्वासाच्या छिद्रातूनच बाहेर पडावी.