लिव्हिंग विल कसं करायचं, कोण करू शकतं, कागद काय लागतात

आयसीयूबाहेर बसलेली माणसं कळवळून म्हणतात, डॉक्टर आता सोडवा हो हिला. पण इंजेक्शन देऊन मरण देणं आपल्याकडे गुन्हाच आहे, कितीही मायेपोटी केलं तरी, आणि आत्महत्येला मदत केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ खाली १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कायद्यात बसतं ते एवढंच, बरं होण्याची आशा उरली नसेल तर व्हेंटिलेटर वगैरे नको म्हणता येतं. हीच इच्छा आपण शुद्धीत असताना आधीच लिहून ठेवायची, तो कागद म्हणजे लिव्हिंग विल. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स, अनेक वर्षं अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यांच्या केसमध्ये २०११ ला सुप्रीम कोर्टाने याची वाट उघडली, २०१८ ला लिव्हिंग विल मान्य केलं आणि २४ जानेवारी २०२३ ला प्रोसेस बरीच सोपी केली.

१८ पूर्ण झालेला, शुद्धीत असलेला, स्वतःच्या मर्जीने ठरवणारा कोणीही करू शकतो, आजारी असायलाच पाहिजे असं नाही. कोर्टाने ठरावीक फॉर्म सांगितलेला नाही. कुठल्या अवस्थेत कुठले उपचार नकोत हे स्पष्ट लिहायचं, "जास्त त्रास नको" असं मोघम नको, आणि आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची नावं टाकायची, एकापेक्षा जास्त चालतात. दोन साक्षीदारांसमोर सही, साक्षीदार शक्यतो घरचे नसावेत. मग नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरसमोर अटेस्ट करून घ्यायचं, आधी मॅजिस्ट्रेटची सही लागायची ती आता लागत नाही. आधार वगैरे ओळखपत्र सोबत न्या.

कॉपी नाव टाकलेल्या माणसांना द्या, फॅमिली डॉक्टरला द्या आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या कस्टोडियनकडे, म्हणजे ही विलं सांभाळून ठेवायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. महाराष्ट्रात हे कस्टोडियन नेमले गेले ते मुंबईच्या डॉ. निखिल दातार यांनी हायकोर्टात पाठपुरावा केला म्हणून, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

पण नुसता कागद दाखवला की मशीन बंद, असं होत नाही आणि होऊही नये. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांचा प्रायमरी बोर्ड बसतो, उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ, मग सेकंडरी बोर्ड, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने (सीएमओ) नेमलेला एक डॉक्टर आणि वेगळे दोन तज्ज्ञ, दोन्ही बोर्डांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. विलमध्ये नाव असलेल्यांची संमती लागते, आणि अंमल करण्याआधी हॉस्पिटल मॅजिस्ट्रेटला कळवतं. बोर्डाने नाही म्हटलं तर हायकोर्ट आहे. वेदना कमी करणारे उपचार मात्र शेवटपर्यंत चालूच राहतात, हे घरच्यांना आधीच सांगा, नाहीतर त्यांना वाटतं आपण माणूस टाकून दिला.

विल नसेल तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने हीच प्रोसेस होते, पण मग सही कोणी करायची यावरून भावंडांत कायमची फूट पडते, एक म्हणतो थांबवा, दुसरा म्हणतो तू आईला मारतोयस. म्हणून मला मनापासून वाटतं की आईवडिलांनी हिंडतेफिरते असतानाच हे करावं आणि सगळ्या मुलांना एकत्र बसवून वाचून दाखवावं, परदेशातल्याला व्हिडिओ कॉलवर घेऊन. मत बदललं तर कधीही लेखी रद्द करता येतं, फक्त जिथे जिथे कॉपी दिलीय तिथे तसं कळवा.