लिस्प ते सी-११: पोस्टग्रेसच्या कोडची डागडुजी

पोस्टग्रेसचा सी कोड आधुनिक करायचा म्हणजे जुनं पुसून नवं लिहायचं, असा अनेकांचा समज असतो. या डेटाबेसचा इतिहास वेगळंच सांगतो. इथला जुना कोड बहुतेक वेळा चुकीचा नव्हताच. तो लिहिला तेव्हाचे कंपायलर (लिहिलेला कोड मशीनला चालवता येईल असा करणारे प्रोग्रॅम), प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिम बदलत गेल्या, आणि कोडला त्यांच्यामागून जावं लागलं.

सुरुवात १९८६ची. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या केंद्रात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली पोस्टग्रेस प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्याचा काही भाग लिस्पमध्ये होता आणि काही सीमध्ये. दोन भाषांचा संसार एकत्र चालेना, म्हणून लिस्पचा भाग सीमध्ये उतरवला गेला. भाषा गेली, पण तिची विचारपद्धती कोडमध्ये मुरली. क्वेरी प्लॅनर, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कसं काढायचं ते ठरवणारा भाग, जिथे तिथे याद्या वापरतो, आणि त्या याद्या लिस्पसारख्या होत्या: प्रत्येक घटकासाठी मेमरीत वेगळा तुकडा, आणि त्यात पुढच्या तुकड्याचा पत्ता.

१९९४मध्ये विद्यापीठाने प्रकल्प थांबवला. अँड्र्यू यू आणि जॉली चेन यांनी त्यात एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा आणली, कोड पूर्णपणे ॲन्सी सीमध्ये (सीचं १९८९चं मानक, म्हणजेच सी-८९) आणला आणि त्याचा आकार पंचवीस टक्क्यांनी घटवला. हे झालं पोस्टग्रेस९५. १९९६मध्ये पोस्टग्रेसक्यूएल हे नाव आलं आणि कोडची जबाबदारी जगभर विखुरलेल्या स्वयंसेवकांच्या हाती गेली.

यानंतर वीसेक वर्षं सी-८९ हीच मर्यादा राहिली. यात आळस नव्हता. हा डेटाबेस सोलारिस, एचपी-यूएक्स, एआयएक्स अशा नाना युनिक्सवर चालत होता. जानेवारी २००५मध्ये आवृत्ती ८.० थेट विंडोजवर चालू लागली आणि पुढे मायक्रोसॉफ्टचा कंपायलरही सांभाळावा लागला. त्यात सी-९९चा, म्हणजे सीच्या १९९९च्या मानकाचा, बराचसा भाग व्हिज्युअल स्टुडिओ २०१३पर्यंत नव्हताच. मग बाकी सगळीकडे जे चालतं ते वापरायची सोय कुठली? २००४पासून 'बिल्डफार्म' नावाची यंत्रणा आहे. लोक आपापली मशीन तिला जोडतात, प्रत्येक मशीनला प्राण्याचं नाव असतं, आणि झालेला बदल तिथे कंपाइल होऊन तपासला जातो. कोणत्या मशीनवर काय मोडलं ते तिथे उघड दिसतं. अखेर २०१८मध्ये ठरलं, आणि २०१९च्या आवृत्ती १२पासून सी-९९ अनिवार्य झालं. तेही सरसकट नाही. व्हेरिएबल-लेंग्थ ॲरे (प्रोग्रॅम चालताना लांबी ठरणारे ॲरे), दोन तिरक्या रेघांच्या टिप्पण्या आणि ब्लॉकच्या मधोमध केलेली व्हेरिएबलची डिक्लेरेशन या गोष्टींना कोअर कोडमध्ये तरीही मनाई राहिली.

याच काळात लिस्पकडून आलेल्या याद्यांची पाळी आली. आजच्या प्रोसेसरला मेमरीत सलग ठेवलेला डेटा आवडतो. विखुरलेल्या तुकड्यांचा माग काढत जाणं त्याला महाग पडतं. शिवाय यादीतला शंभरावा घटक हवा असेल तर आधीचे नव्व्याण्णव ओलांडावे लागत. २०१९मध्ये पोस्टग्रेसचे विकसक टॉम लेन यांनी या याद्या आतून वाढत्या ॲरेमध्ये, म्हणजे सलग मांडणीत, बदलल्या, आणि २०२०च्या आवृत्ती १३मधून त्या सर्वांपर्यंत पोहोचल्या. फंक्शनांची नावं बरीचशी तीच राहिली. मात्र पुढचा घटक देणाऱ्या 'एलनेक्स्ट'ला आता घटकासोबत यादीही द्यावी लागते. जुन्या पद्धतीने लिहिलेलं एक्स्टेन्शन (डेटाबेसला बाहेरून जोडलेला कोड) त्यामुळे कंपाइलच होत नाही. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. कोड गुपचूप कंपाइल होऊन चालू डेटाबेसमध्ये गडबड करण्यापेक्षा कंपायलरने तिथल्या तिथे अडवलेलं केव्हाही बरं.

बेरजेची कथा आणखी बोलकी आहे. दोन पूर्णांकांची बेरीज ३२ बिटांत मावली नाही तर पोस्टग्रेसने 'इंटिजर आउट ऑफ रेंज' ही एरर द्यायलाच हवी. जुना कोड आधी बेरीज करी आणि मग चिन्ह पाही: दोन्ही संख्या एकाच चिन्हाच्या आणि उत्तर उलट चिन्हाचं, म्हणजे ओव्हरफ्लो. तर्क अचूक होता. पण सीच्या मानकानुसार चिन्हांकित पूर्णांकाचा ओव्हरफ्लो 'अनडिफाइन्ड' आहे. कंपायलर हुशार झाले तसे ते 'असं कधी होणारच नाही' असं गृहीत धरून ती तपासणीच उडवू शकत होते. म्हणून जीसीसी या कंपायलरला 'एफ-रॅप-व्ही' हा पर्याय देऊन, म्हणजे असा ओव्हरफ्लो झाला तर संख्या उलट्या टोकाला वळते असं धरायला सांगून, कोड तगवला गेला. २०१८च्या आवृत्ती ११मध्ये ओव्हरफ्लो तपासणारी छोटी फंक्शन एका हेडरमध्ये (इतर फाइलींत समाविष्ट होणाऱ्या सामाईक फाइलमध्ये) आली. कंपायलरकडे त्यासाठीची सोय असेल तिथे ती थेट वापरतात. कोड अधिक वाचनीय झाला आणि बेरीज झाल्यावर चिन्हांवरून अंदाज बांधायची कसरत संपली, तरी 'एफ-रॅप-व्ही' काही काढला नाही. एवढ्या मोठ्या कोडमध्ये कुठे काय गृहीत धरलंय याची हमी कोण देणार?

काही सुधारणा निव्वळ कंटाळवाण्या कामातून सुटका करणाऱ्या होत्या. क्वेरीच्या एखाद्या नोडमध्ये (क्वेरीचा एक भाग साठवणाऱ्या रचनेत) नवं फील्ड घातलं की कॉपी करणं, तुलना करणं, लिहिणं, वाचणं अशा चार फाइल हाताने बदलाव्या लागत, आणि एखादी राहून गेली तर बग. २०२३च्या आवृत्ती १६पासून हा बहुतेक कोड एक पर्ल स्क्रिप्ट हेडर वाचून तयार करते.

काढून टाकण्यालाही तितकाच धीर लागला. एक्स्टेन्शनमधली फंक्शन हाक मारण्याची जुनी 'व्हर्जन-शून्य' पद्धत २००१च्या ७.१मध्येच पर्याय येऊनही २०१७च्या आवृत्ती १०मध्ये गेली. आवृत्ती १७मध्ये एआयएक्सवरचा आधार गेला. आवृत्ती १८मध्ये स्पिनलॉक आणि ॲटॉमिक (एकाच वेळी चालणाऱ्या कामांनी एकमेकांचा डेटा बिघडवू नये म्हणून प्रोसेसरच्या मदतीने केलेल्या सोयी) बंद ठेवण्याचे बिल्ड-पर्याय गेले, कारण त्यांविना चालणारं मशीन आता कोणी वापरत नव्हतं. २०२५मध्ये पुढच्या आवृत्तीसाठी सी-११ची अट मुख्य शाखेत आली. मानक प्रसिद्ध झाल्याला तेव्हा जवळपास चौदा वर्षं झाली होती.