जर्मन नाताळबाजार आणि भाषामैत्री : एक पार्श्वभूमी

नोव्हेंबर सरत आला की जर्मनीत भाषा शिकायला गेलेल्याला एक आमंत्रण हमखास येते. एकमेकांची भाषा शिकण्यासाठी जमणारे 'टँडेम' गट वर्गाबाहेर पडतात आणि नाताळबाजारात भेटतात. हातात ग्लूवाइनचा, म्हणजे लवंग-दालचिनी घातलेल्या गरम वाइनचा मग. दारू नको असेल तर फळांच्या रसाचा किंडरपुन्श. भाव विचारणे, मगाची अनामत परत मागणे, भाजलेल्या बदामांच्या रांगेत शेजारच्याशी दोन शब्द बोलणे, यातच धडा होऊन जातो. दिव्यांनी उजळलेली लाकडी दुकाने पाहून वाटते, हे सगळे शतकानुशतके असेच चालत आले असणार. बाजार खरोखरच जुना आहे. पण परक्याला सोबत घेऊन तिथे जाण्याची रीत दुसऱ्या महायुद्धानंतर रुजली, आणि तिच्यामागे फार जड इतिहास आहे.

सुरुवातीला हा निव्वळ सणाच्या सामानाचा बाजार होता. 1384 मध्ये बाउत्सन शहराला राजा वेन्झेलकडून मांसविक्रीच्या बाजाराची परवानगी मिळाली. ड्रेस्डेनचा श्ट्रीत्सेलमार्क्ट 1434 मध्ये सुरू झाला, तोही एका दिवसापुरता. 'श्ट्रीत्सेल' म्हणजे आज श्टोलन म्हणून ओळखला जाणारा सुकामेवा घातलेला लांबट गोड पाव. नाताळापूर्वीच्या उपवासात लोणी वर्ज्य असल्याने तो तेलात करावा लागे आणि बेचव होई. अखेर 1491 मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी दंड भरून लोणी वापरण्याची मुभा दिली. श्टोलनचा तुकडा तोंडात टाकताना ही हकिकत जर्मन मित्राला जरूर विचारावी. ती तो रंगवून सांगतो.

बाजाराचे नाव बदलले ते धर्मसुधारणेमुळे, म्हणजे प्रोटेस्टंट पंथ ज्यातून निघाला त्या सोळाव्या शतकातल्या चळवळीमुळे. पूर्वी मुलांना भेटी मिळत त्या 6 डिसेंबरला, संत निकोलसच्या दिवशी. संतांची पूजा न मानणाऱ्या प्रोटेस्टंटांनी त्या नाताळाकडे वळवल्या आणि देणारा ठरवला क्रिस्टकिंट, म्हणजे बाळ येशू. स्ट्रासबर्गमध्ये 1570 मध्ये निकोलसची जत्रा बंद होऊन क्रिस्टकिंटचा बाजार भरू लागला. गंमत अशी की पुढे हाच क्रिस्टकिंट कॅथलिक घरांमध्ये रुळला.

न्युरेंबर्गच्या बाजाराचा सर्वांत जुना पुरावा म्हणजे एक लाकडी डबी. 1628 मध्ये ती या बाजारातली भेट म्हणून पाठवल्याचे तिच्या तळाशी लिहिलेले आहे. बाजार भरतो हाउप्टमार्क्ट या चौकात. तिथे उभे राहताना पायाखाली काय आहे हे माहीत असायला हवे, असे मला मनापासून वाटते. 1349 पर्यंत इथे ज्यूंची वस्ती होती. त्या वर्षी 5 डिसेंबरला, नाताळ तोंडावर आला असताना, 500 हून अधिक ज्यूंना ठार मारण्यात आले. वस्ती पाडून चौक झाला आणि सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, जागी फ्राउएनकिर्श हे चर्च उभे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजार इथून हलवला गेला होता. 1933 मध्ये नाझींनी तो वाजतगाजत परत आणला, तेव्हा या चौकाला हिटलरचे नाव होते. जुन्या जर्मन परंपरेचे पुनरुज्जीवन म्हणून त्याचा डांगोरा पिटला गेला. ज्याला आपण 'पारंपरिक' म्हणून कौतुकाने पाहतो, त्यातले काही असे मुद्दाम घडवलेले आहे.

जानेवारी 1945 मध्ये बॉम्बहल्ल्यात जुने शहर बेचिराख झाले. बाजार पुन्हा भरला 1948 मध्ये, ढिगाऱ्यांच्या सोबतीने. त्याच सुमारास युरोपात जुळ्या शहरांची, म्हणजे दोन देशांतल्या शहरांनी मैत्रीचे नाते जोडण्याची, चळवळ सुरू झाली होती. इंग्लंडचे कॉव्हेंट्री आणि जर्मनीचे कील यांनी 1947 मध्येच हात मिळवले; फ्रान्सचे माँबेलियार आणि जर्मनीचे लुडविग्सबुर्ग 1950 मध्ये जोडले गेले. 1963 मध्ये पश्चिम जर्मनीचे चान्सलर अ‍ॅडेनॉवर आणि फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी एलिझे हा मैत्रीचा करार केला, त्यातून फ्रेंच-जर्मन युवा कार्यालय निघाले. 'तू मला तुझी भाषा शिकव, मी तुला माझी' ही टँडेम पद्धत या दोन देशांतल्या तरुणांच्या मेळाव्यांतच आकाराला आली. कालपर्यंतच्या शत्रूची भाषा त्याच्याच तोंडून शिकायची, हे त्या पिढीसाठी सोपे नसणार. आज न्युरेंबर्गच्या बाजाराला लागूनच भागीदार शहरांचा वेगळा बाजार भरतो आणि परदेशांतल्या त्या शहरांच्या वस्तू तिथे मिळतात.

मुंबईकरांना जवळचे शहर म्हणजे श्टुटगार्ट. या दोन शहरांची भागीदारी 1968 पासूनची आहे. तिथल्या बाजाराची नोंद 1692 मध्ये सापडते आणि तो प्रसिद्ध आहे दुकानांच्या सजवलेल्या छपरांसाठी. तिथे शिकणारी-नोकरी करणारी मराठी मंडळी डिसेंबरात मान वर करून चालताना दिसली तर नवल नाही.

न्युरेंबर्गमध्ये 1969 पासून दर दोन वर्षांनी शहरातली एक मुलगी बाजाराचे उद्घाटन करणारी क्रिस्टकिंट म्हणून निवडली जाते. 2019 मध्ये निवडलेल्या 17 वर्षांच्या मुलीचे वडील मूळचे दिल्लीचे. एका अतिउजव्या पक्षाच्या स्थानिक शाखेने तिच्या रूपावरून हीन शेरेबाजी केली. देशभरातून निषेध झाला, मजकूर काढून टाकावा लागला, माफी मागावी लागली. उद्घाटनाच्या संध्याकाळी सोनेरी केसांचा टोप आणि मुकुट घालून ती फ्राउएनकिर्शच्या सज्जात उभी राहिली आणि 1948 मध्ये लिहिलेले ते काव्य म्हणू लागली, ज्याच्या अखेरीस येईल त्या प्रत्येकाचे स्वागत केलेले आहे.