मोहर, मिरची आणि तवशी : बदलत्या हवेत लागवड कधी करावी?

(आमच्याकडून कलमे, रोपे आणि बियाणे नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

डिसेंबर उलटला की दुकानात एकच प्रश्न येतो, "मानकुराद आंब्याचे कलम दिलेत, पालवी फुटतेय, मोहर कुठे?" कलमात खोट असेल तर आम्ही बदलून देऊ. पण बहुतेक वेळा कारण असते रात्रीच्या हवेत. फांदी जून झालेली असावी, मुळाशी ओल कमी व्हावी आणि रात्री गार पडाव्यात, म्हणजे डोळ्यातून मोहर निघतो. पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला किंवा रात्री उबदारच राहिल्या, तर त्याच डोळ्यातून तांबूस कोवळी पालवी येते. ती जून होईपर्यंत मोहर मागे पडतो आणि उशिराचे फळ मे अखेरच्या पावसात सापडते. मग फळमाशी आलीच.

१९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. आकडा किरकोळ वाटेल, पण गोव्यात आंब्याला मुळातच थंडी जेमतेम मिळते, आणि समुद्राकाठी तर रात्रीचा पारा फारसा उतरतच नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या झाडाची तुलना आतल्या डोंगराळ सत्तरी तालुक्यातल्या झाडाशी करू नये.

मोहरासाठी 'कल्टार' (झाडाची वाढ रोखून मोहर आणणारे औषध) मागायला बरेच जण येतात. आम्ही ते विकतो, तरी सांगतो : लहान किंवा अशक्त झाडाला ते घालू नका, वाढच खुंटते. पूर्ण वाढलेल्या, निरोगी झाडाला पावसाळ्यात आणि झाडाच्या विस्ताराप्रमाणे मोजूनच द्यावे. त्याआधी फुकटचा उपाय करून बघा. पाऊस थांबल्यावर झाडाला पाणी आणि युरिया बंद. पाणी पुन्हा सुरू करायचे ते फळे वाटाण्याएवढी झाल्यावर. काजूच्या मोहरावर ढगाळ हवा आणि अवकाळी सर आली की ढेकण्या (कोवळ्या फुटीचा रस शोषणारा किडा) येतो; तेव्हा झाडाखाली रोज एक फेरी मारा, कोवळ्या देठांवर काळपट डाग दिसतात.

भाजीत सगळ्यात नाजूक टोमॅटो. रात्री पारा बावीस-चोवीस अंशांच्या खाली येईनासा झाला की फुले लागतात, पण फळ न धरता गळतात. मार्चच्या उन्हाळ्यावर आता भरवसा ठेवता येत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये तर उष्णतेच्या लाटेमुळे गोव्यातल्या शाळा दुपारीच सोडाव्या लागल्या. तेव्हा टोमॅटो डिसेंबर-जानेवारीत फुलावर यायला हवा. भात कापून शेत मोकळे होईपर्यंत थांबू नका, ऑक्टोबरातच ट्रेमध्ये आडोशाला रोपे तयार करा. जानेवारीत रोपे मागितलीत तर आम्ही देऊ, पण आमचा सल्ला 'नको' असाच राहील. मिरची जरा चिवट. दुपारच्या उन्हात शेडनेट आणि बुंध्याशी सुक्या पानांचे किंवा माडाच्या चुडतांचे आच्छादन दिले तर फूलगळ कमी होते.

पावसाळी भाजीचा घोळ वेगळाच. २०२३ मध्ये मान्सून गोव्यात ११ जूनला पोचला, २०२५ मध्ये २५ मे रोजी. पावसाची अशी मागेपुढे पूर्वीही होत असे, त्याचे सगळे खापर हवामानबदलावर फोडण्यात अर्थ नाही. पण बियाण्याच्या पाकिटावर छापलेला महिना पाहून पेरण्यात आता शहाणपण नाही. मेमधल्या एका वळवाच्या सरीवर तवशी (काकडी), दोडकी, भेंडी पेरली आणि नंतर आठवडाभर कडक ऊन पडले की कोंब करपतो. काणकोणातल्या खोला मिरचीचेही तेच, ती पावसाच्याच भरवशावर उतारावर लावायची असते. खुरप्याने वीतभर खणा. तळाच्या मातीचा मुठीत गोळा झाला तर पेरा, नाहीतर थांबा.

माटोळीसाठी (चतुर्थीला गणपतीवर फळे-भाज्या बांधायची चौकट) तवशी हवी असतील तर चतुर्थीपासून दोन महिने मागे मोजा, आणि पंधरा दिवसांच्या अंतराने दोन वाफे करा. एक पावसाने गेला तरी दुसरा हाती राहतो.

झाडाबद्दल शंका असेल तर शेंड्याची वीतभर डहाळी पानांसकट कागदात गुंडाळून आणा. प्लास्टिकच्या पिशवीत ती घामेजते आणि रोग ओळखता येत नाही. पाहून सांगण्याचे पैसे नाहीत.