सुटा बर्फ घसरतो, स्लॅब तुटते

हिमस्खलन म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो डोंगरावरून उसळत खाली येणारा पांढरा लोट. पण लोट ही नंतरची गोष्ट. हिमस्खलनाची जात ओळखायची तर नजर वर न्यायची, बर्फ जिथून सुटला तिथे. एका टोकापासून निघून खाली पंख्यासारखा पसरलेला पट्टा दिसला, तर तो सुटा बर्फ घसरलेला. उताराला आडवी, करवतीने कापल्यासारखी उभी कड दिसली, तर तिथून स्लॅब, म्हणजे बर्फाची अखंड लादी, निघाली.

सुट्या बर्फाचं गणित वाळूच्या ढिगासारखं आहे. कणांची एकमेकांवर पकड नसते. मूठभर बर्फ सुटतो, खालच्याला ढकलतो आणि पुढे वाढत जातो. कोरडा असेल तर ताज्या हिमवृष्टीनंतर, खूप उभ्या उतारांवर. ओला असेल तर उन्हाने किंवा पावसाने. तुमच्या पायाखालून सुटला, तर बहुधा तो तुमच्यापासून दूर, खाली जातो, म्हणून अनेकजण त्याला हसण्यावारी नेतात. खाली कडा किंवा अरुंद घळ नसेल, तर एक वेळ चालेल. असेल, तर पाय उखडायला गुडघाभर बर्फही पुरतो.

स्लॅबची गोष्ट वेगळी, आणि माणसं मरतात ती प्रामुख्याने हिच्यात. इथे वरचा थर एकसंध असतो. बऱ्याचदा तो वाऱ्याने घडवलेला असतो: वारा डोंगराच्या एका बाजूचा बर्फ उचलून आडोशाच्या बाजूला दाबून बसवतो, तोही आकाशातून पडतो त्यापेक्षा कितीतरी वेगाने. अशा थराखाली एखादा कमकुवत थर दडलेला असतो. निरभ्र, थंड रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर पिसांसारखे हिमकण वाढतात. दिसायला अतिशय देखणे! त्यांच्यावर नवा बर्फ पडला की ते गाडले जातात आणि कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, तसेच नाजूक राहतात. एका माणसाच्या वजनाने हा थर एका जागी चेपतो, चीर त्याच थरातून क्षणार्धात दूरवर धावते आणि वरची अख्खी लादी सुटते. कड तुटते ती बहुतेक वेळा तुमच्या वर. म्हणजे तुम्ही लादीच्या मधोमध उभे असता.

फसगत होते ती इथेच. भुसभुशीत बर्फात पाय रुततो, तेव्हा आपण आपसूक सावध होतो. टणक बर्फावर पाऊल पक्कं बसतं आणि धीर येतो. पण तो टणकपणा म्हणजेच स्लॅब असू शकते. आधी गेलेल्यांच्या खुणांचाही भरवसा नाही: थराची जाडी जागोजागी बदलते, आणि नऊ जण सुखरूप गेल्यावर दहाव्याचा पाय नेमका पातळ जागी पडू शकतो. ओरडल्याने हिमस्खलन होतं, हा समज मात्र सिनेमाला शोभणारा. जीवघेण्या अपघातांत दहापैकी सुमारे नऊ वेळा बर्फ सुटतो तो अडकलेल्याच्या किंवा त्याच्या सोबत्यांच्या वजनाने.

स्लॅब कधीकधी आधी बोलते. पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला किंवा स्कीच्या टोकापासून चीर धावत गेली, तर तिथूनच मागे फिरायचं. सपाटीवर उभे असलात तरीही, कारण खालून चेपलेला थर वरचा उतार सोडवू शकतो. स्लॅब सुटते ते उतार साधारण ३० ते ४५ अंशांचे, म्हणजे नेमके स्कीला मजा येणारे. कोन डोळ्यांनी ठरवू नका, मोजा. वर असा उतार असेल, तर पायथ्याला थांबून विश्रांतीही नको. ओलांडायचाच झाला, तर एकेकाने ओलांडायचा आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून लक्ष ठेवायचं. ट्रान्सिव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा रेडिओ संकेतांनी शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवंच: गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर आला, तर जगण्याची शक्यता चांगली असते, त्यानंतर ती झपाट्याने घसरते. बाहेरची मदत एवढ्या वेळात क्वचितच पोहोचते.

दोन्ही प्रकार कायम वेगवेगळे राहतात असंही नाही. उन्हाने तापलेल्या खडकाखालून सुटलेला मूठभर बर्फ घरंगळत खालच्या स्लॅबवर आदळतो आणि तिला सोडवतो. मग एकाच डोंगरावर वर टोक दिसतं आणि खाली आडवी कड.