टेकुमसे: मुलांपुढच्या चित्रामागचा इतिहास

उत्तर अमेरिकेतील शॉनी या मूलनिवासी जमातीचा योद्धा टेकुमसे याची मुलांना ओळख करून देताना जे चित्र हटकून दाखवले जाते, त्यात डोक्याला गुंडाळलेले वस्त्र, त्यात खोवलेले पीस आणि अंगात ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचा कोट दिसतो. हे चित्र बेन्सन लॉसिंग या इतिहासलेखकाने 1868 मध्ये, म्हणजे टेकुमसेच्या मृत्यूनंतर 55 वर्षांनी प्रसिद्ध केले. चेहरा त्याने एका जुन्या पेन्सिल-रेखाटनावरून घेतला आणि टेकुमसे ब्रिटिश सैन्यात ब्रिगेडियर जनरल होता या चुकीच्या समजुतीने कोट स्वतःच चढवला. 1812 मध्ये टेकुमसेला भेटलेल्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याने मात्र त्याच्या अंगात हरणाच्या कातड्याचे साधे कपडे असल्याचे लिहून ठेवले आहे.

टेकुमसेचा जन्म 1768 च्या सुमारास आजच्या ओहायो राज्याच्या परिसरात झाला. 1774 मध्ये व्हर्जिनियाच्या सैन्याशी लढताना वडील मारले गेले, तेव्हा तो जेमतेम सहा वर्षांचा होता. 1795 च्या ग्रीनव्हिल तहाने ओहायोचा बहुतेक भाग मूलनिवासी जमातींच्या हातून अमेरिकेकडे गेला, तर 1809 च्या फोर्ट वेन तहाने इंडियाना प्रांताचा गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसन याने आणखी सुमारे 30 लाख एकर जमीन मिळवली. जमीन सर्व जमातींची सामाईक आहे, तेव्हा एकदोन जमातींच्या प्रमुखांनी तहावर खुणा करून ती विकता येत नाही, हे टेकुमसेने ऑगस्ट 1810 मध्ये व्हिन्सेन्सला हॅरिसनच्या तोंडावर सांगितले. त्या बैठकीत प्रकरण शस्त्रे उपसण्यापर्यंत गेले होते.

मराठीत त्याला ‘टोळीप्रमुख’ म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो, पण शॉनींमध्ये युद्धाचा नेता वेगळा आणि शांततेच्या काळात कारभार पाहणारा प्रमुख वेगळा असे. टेकुमसे साऱ्या शॉनींचा प्रमुख कधीच नव्हता. ओहायोतल्या बहुसंख्य शॉनींनी वापाकोनेटा येथील वृद्ध प्रमुख ब्लॅक हूफ याचे ऐकून अमेरिकी सरकारशी जुळवून घेतले, तर टेकुमसेभोवती जमले ते अनेक जमातींतले लोक.

तेही आधी जमले त्याच्या धाकट्या भावाभोवती. टेन्स्क्वातावा याला 1805 मध्ये दृष्टांत झाले, त्याने दारू व गोऱ्यांच्या चालीरीती सोडण्याचा उपदेश सुरू केला आणि 16 जून 1806 च्या सूर्यग्रहणाचे भाकीत खरे ठरल्यावर त्याचा लौकिक दूरवर पसरला. 1808 मध्ये दोघा भावांनी वाबाश नदीकाठी वसवलेले गाव गोऱ्यांच्या तोंडी ‘प्रॉफेट्सटाउन’ झाले, ते या प्रेषित भावामुळेच. पुढच्या लेखकांनी मात्र एकाला उदात्त वीर आणि दुसऱ्याला भोंदू ठरवले. गोष्ट सोपी झाली, पण चळवळीचा धार्मिक गाभा तिच्यातून गळला. 7 नोव्हेंबर 1811 च्या टिपेकनूच्या लढाईनंतर हॅरिसनने ते गाव जाळले, तेव्हा टेकुमसे दक्षिणेकडील जमातींना साद घालत फिरत होता.

1812 मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटल्यावर टेकुमसे ब्रिटिशांच्या बाजूने लढला. 5 ऑक्टोबर 1813 रोजी कॅनडात थेम्स नदीकाठी, सोबतच्या ब्रिटिशांनी कच खाल्ल्यावर, तो लढताना मारला गेला. त्याचे शव निश्चित असे ओळखले गेलेच नाही. तरीही त्याला आपणच मारले या ख्यातीवर रिचर्ड जॉन्सन 1837 मध्ये अमेरिकेचा उपाध्यक्ष झाला, आणि 1840 ची अध्यक्षपदाची निवडणूक हॅरिसनने टिपेकनूच्या नावावर जिंकली. कॅनडात टेकुमसे देश वाचवणारा मित्र ठरला आणि 2012 मध्ये 25 सेंटच्या नाण्यावर आला. हॅरिसन पदावर येऊन महिन्याभरातच वारला, त्यावरून पुढे ‘टेकुमसेच्या शापा’ची दंतकथाही रचली गेली; मुलांना ती भारी आवडते, पण तिचा टेकुमसेशी काडीचा संबंध नाही.

ब्लॅक हूफचे वापाकोनेटा या गोष्टीत सहसा येत नाही. अमेरिकेशी सलोखा राखलेल्या तिथल्या शॉनींनाही 1830 च्या स्थलांतर कायद्यानंतर जमीन सोडावी लागली आणि 1832 मध्ये ते कॅन्ससच्या वाटेला लागले. शॉनींच्या आज मान्यताप्राप्त असलेल्या तिन्ही जमातींची मुख्यालये ओक्लाहोमात आहेत.